घरचा गुलाब : गुलकंद, सरबत आणि गुलाबजल

उन्हाळ्याची चाहूल लागली, की घरोघरी गुलकंदाची बरणी फडताळातून बाहेर येते. दुधात चमचाभर गुलकंद, पाहुण्यांसाठी गुलाबाचे सरबत आणि उन्हातून आल्यावर चेहऱ्यावर गुलाबजल, ही आपली जुनी आणि सुखद रीत. मात्र ‘घरचे आहे, म्हणजे निर्धोकच’ असे गृहीत धरले जाते, तेव्हा काही गोष्टी स्पष्ट करणे अगत्याचे ठरते.

फूल कोणते घ्यावे?

खाण्यासाठी सुवासिक, पातळ पाकळ्यांचा देशी गुलाब उत्तम. राजस्थानातील पुष्कर आणि उत्तर प्रदेशातील कनौज ही गावे याच गुलाबाच्या गुलकंदासाठी व अत्तरासाठी प्रसिद्ध आहेत. तळेगाव-मावळ परिसरातील हरितगृहांतून येणारे लांब दांड्यांचे गुलाब सजावटीसाठी असतात. अशा फुलांवर कीटकनाशके व बुरशीनाशके फवारलेली असू शकतात. त्यांपैकी काही औषधे झाडात आतपर्यंत शोषली जातात, म्हणून पाकळ्या कितीही धुतल्या तरी ती पूर्णपणे निघत नाहीत. पुष्पगुच्छातील किंवा हारातील गुलाब स्वयंपाकघरात आणू नयेत. कुंडीतील, न फवारलेले फूल सकाळी लवकर खुडावे.

गुलकंद

पाकळ्या धुऊन सावलीत कापडावर पूर्ण कोरड्या कराव्यात. पाकळ्यांच्या वजनाइतकी ते दुप्पट खडीसाखर कुटून, काचेच्या बरणीत पाकळ्या व साखर यांचे थर द्यावेत. बरणी तीन-चार आठवडे उन्हात ठेवावी आणि अधूनमधून कोरड्या चमच्याने हलवावी. बुरशी दिसल्यास वरचा थर काढून उरलेला गुलकंद खाऊ नये. संपूर्ण बरणी टाकून द्यावी.

आयुर्वेदाने गुलकंद शीतल व पित्तशामक मानला आहे. पण त्यात निम्म्याहून अधिक साखर असते, हे विसरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे 25 ग्रॅम, म्हणजे सहा चमच्यांच्या आत असलेली बरी. मधुमेही व्यक्तींनी गुलकंदाला औषध न समजता साखरच समजावे. मध घालून केलेला गुलकंद एक वर्षाखालील बाळाला मुळीच देऊ नये. मधातील जिवाणूंमुळे त्या वयात गंभीर विषबाधा होऊ शकते.

सरबत

दोन वाट्या पाकळ्यांवर दोन वाट्या कढत पाणी ओतून तीन-चार तास झाकून ठेवावे. गाळल्यावर पाणी फिकट, मळकट दिसते; त्यात लिंबू पिळताच ते लालसर गुलाबी होते. पाकळीतील रंगद्रव्य आम्लात खुलते, त्याचीच ही किमया. कृत्रिम रंगाची गरजच उरत नाही. साखर बेताची घालावी.

गुलाबजल

पाकळ्या उकळून गाळलेले पाणी म्हणजे गुलाबजल नव्हे. पातेल्याच्या मध्यभागी तिवईवर वाटी ठेवावी, भोवती पाकळ्या व पाणी घालावे, झाकण उलटे ठेवून त्यावर बर्फ ठेवावा आणि मंद आच द्यावी. वाफ झाकणाला थंड होऊन वाटीत ठिबकते, ते खरे गुलाबजल. उकळून घेतलेल्या काचेच्या बाटलीत भरून ते शीतकपाटात ठेवावे व आठवड्याभरात संपवावे.

हे पाणी डोळ्यांत मात्र घालू नये. घरचे वा बाजारातले सौंदर्यप्रसाधनाचे गुलाबजल निर्जंतुक नसते. डोळा लाल असताना, दुखत असताना किंवा अंधूक दिसत असताना ‘थंडावा’ देत बसल्यास बुबुळाच्या जखमेवरील उपचार लांबतात आणि दृष्टीला धोका पोहोचतो. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

त्वचेसाठी

गुलाबजलात मुलतानी माती किंवा बेसन कालवून लावणे बहुतेकांना मानवते. तथापि गुलाबातील सुगंधी द्रव्यांची काहींना ॲलर्जी असते. म्हणून प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून दोन दिवस पाहावे. खाज, लाली वा पुरळ उठल्यास चेहऱ्याला लावू नये. इसब किंवा उघडी जखम असलेल्या त्वचेवर लेप टाळावा.

शेवटी एवढेच : छातीतील जळजळ दोन आठवड्यांहून अधिक टिकली, शौचास काळी झाली किंवा विनाकारण वजन घटू लागले, तर गुलकंदाची मात्रा वाढवू नये, डॉक्टरांना दाखवावे. एरवी चमचाभर गुलकंदाचा आस्वाद आपण निःशंक मनाने घ्यावा.