आत्ता किती वाजले? कुठले सांगू?

१५ ऑगस्टला सकाळी ९ वाजता तुम्ही शाळेत झेंड्याला सलामी देता ना, त्याच क्षणी नेपाळमधल्या काठमांडूत सव्वानऊ झालेले असतात, लंडनमध्ये पहाटेचे साडेचार, आणि न्यूयॉर्कमध्ये? तिथे अजून १४ तारखेच्या रात्रीचे साडेअकराच वाजलेले असतात! क्षण एकच, पण तारखासुद्धा दोन.

मग जगभरात उघडणाऱ्या वेबसाइटने नेमकी कुठली वेळ लिहून ठेवायची?

कम्प्युटरवाल्यांनी यावर झकास तोडगा काढला. तास नको, तारीख नको, नुसते सेकंद मोजायचे! दिवसाचे ८६,४०० सेकंद धरायचे आणि मोजणी सुरू करायची १ जानेवारी १९७० पासून. तेव्हा जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, म्हणजे यूटीसीप्रमाणे, रात्रीचे बारा वाजले होते; आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. हा आकडा एक अब्जावर पोचला तो ९ सप्टेंबर २००१ रोजी, भारतात सकाळी ७ वाजून १६ मिनिटं ४० सेकंदांनी.

आकडा सगळ्या जगासाठी सारखाच. पडद्यावर दाखवताना मात्र प्रोग्रॅम त्याची स्थानिक वेळ करतो. आपल्यासाठी साडेपाच तास मिळवायचे. साडेपाचच का? पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. आपली वेळ ठरते साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून. ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटं. झालं उत्तर!

पण सगळीकडे गणित इतकं सरळ नसतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात. सामोआ या बेटांच्या देशाने तर कमालच केली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोयीचा व्हावा म्हणून त्यांनी ३० डिसेंबर २०११ हा दिवसच गाळून टाकला. गुरुवारी रात्री झोपले, ते थेट शनिवारी उठले! असले सगळे बदल नोंदवलेली एक मोठी यादी असते आणि प्रोग्रॅम ती बघूनच वेळ सांगतो. आपल्या वेळेचं त्या यादीतलं नाव आहे ‘एशिया/कोलकाता’.

आता एक गंमत. तुमचा वाढदिवस १५ ऑगस्टचा. वेबसाइटने तो ‘भारतात १५ तारखेच्या मध्यरात्रीचा सेकंद’ म्हणून जपून ठेवला. न्यूयॉर्कच्या मावशीने वेबसाइट उघडली, तर तिथे त्या सेकंदाला होते १४ तारखेचे दुपारचे अडीच. मावशीला दिसणार १४ ऑगस्ट. शुभेच्छा आदल्या दिवशीच हजर!

चूक कुठे झाली? मेसेज कधी पाठवला, हा एक क्षण असतो. वाढदिवस ही नुसती तारीख असते. म्हणून पुढे तुम्ही वेबसाइट बनवाल तेव्हा एवढं पक्कं ध्यानात ठेवा: क्षण असेल तर सेकंद साठवा, वाढदिवस असेल तर दिवस, महिना आणि वर्ष जसंच्या तसं लिहा.