लॅपटॉप म्हातारा होतो म्हणजे नेमकं काय होतं?

सुरू व्हायला पाच-सात मिनिटं, ब्राउझर उघडला की हँग, पंख्याची सतत घरघर आणि चार्जर काढला की थोड्याच वेळात काळोख. सात-आठ वर्षं वापरलेल्या लॅपटॉपबद्दल घरोघरी हीच तक्रार असते आणि त्यावरचा ‘आता नवा घेऊन टाका’ हा सल्लाही ठरलेला. पण आत काय झिजतं आणि काय झिजत नाही, हे समजून घेतलं तर बहुतेक वेळा हा सल्ला घाईचा ठरतो.

प्रोसेसरमध्ये हलणारा एकही भाग नसतो. पहिल्या दिवशी ज्या वेगाने तो आकडेमोड करायचा, जवळजवळ त्याच वेगाने आजही करू शकतो. थकतात ते फिरणारे, तापणारे आणि रसायनांवर चालणारे भाग, म्हणजे हार्ड डिस्क, पंखा व थर्मल पेस्ट आणि बॅटरी. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये हे सगळं एका स्क्रू ड्रायव्हरच्या मदतीने घरी बदलता किंवा साफ करता येतं.

वेळ जातो कुठे?

जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क सहसा मिनिटाला 5400 फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे 11 मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचायची तर आधी वाचणारा दांडा योग्य वर्तुळावर न्यायचा आणि मग माहितीचा तुकडा फिरत खाली येईपर्यंत थांबायचं. त्यामुळे अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक ठिकाणांहून माहिती उचलू शकते. संगणक सुरू होताना मात्र विखुरलेल्या हजारो लहान फायली वाचाव्या लागतात. हार्ड डिस्कला पर्याय असलेल्या एसएसडीमध्ये काहीच फिरत नाही. पत्ता विजेच्या संकेताने गाठला जातो आणि मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात माहिती हाती येते. अडीच इंची साटा एसएसडी हार्ड डिस्कच्याच जागी, त्याच जोडणीत बसते. काढलेली डिस्क चांगली असेल तर बाहेरच्या केसिंगमध्ये घालून फोटो नि कागदपत्रांच्या बॅकअपसाठी वापरता येते.

रॅम 4 जीबी असेल तर ती 8 करणं हा दुसरा मोठा उपाय. रॅम भरली की संगणक उरलेला पसारा डिस्कवर नेऊन ठेवतो आणि पुन्हा त्याच संथ वाटेवर अडकतो. विकत घेताना जात तपासावी. डीडीआर३एल 1.35 व्होल्टवर चालते, डीडीआर४ 1.2 व्होल्टवर. दोघींच्या कडेवरची खाच वेगवेगळ्या जागी असते, म्हणून रॅम बसत नसेल तर दाबू नये. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते. तिथे हा मार्ग बंद.

धूळ आणि उष्णता

मागचं झाकण उघडून पंखा काढला की तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पात्यांवर धूळ, केस आणि कपड्यांच्या तंतूंचा नमद्यासारखा थर दिसतो. गरम हवा तिथेच अडते. प्रोसेसरचं तापमान 100 अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि आपल्याला लॅपटॉप ‘स्लो’ झाल्यासारखा वाटतो.

प्रोसेसर आणि त्यावरची तांब्याची पट्टी वरून गुळगुळीत दिसली, तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी असतात. तांब्याच्या तुलनेत हवा उष्णता हजारो पटींनी कमी वाहून नेते. या फटी भरण्यासाठी थर्मल पेस्ट असते, पण काही वर्षांत ती वाळून भुगा होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पेस्ट पुसावी, वाटाण्याहून लहान थेंब ठेवावा आणि पट्टीवर लिहिलेल्या आकड्यांच्या क्रमाने स्क्रू थोडे थोडे आवळावेत. धूळ काढायला हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. भरधाव फिरलेला पंखा उलट वीज तयार करतो.

बॅटरी आणि बटण सेल

लिथियम-आयन बॅटरीत दर चार्जिंगला थोडं लिथियम ऋणाग्रावरच्या थरात कायमचं अडकतं. साधारण 300 ते 500 पूर्ण फेऱ्यांनंतर क्षमता 80 टक्क्यांवर येते. सततची उष्णता आणि कायम 100 टक्के चार्ज यांनी हा ऱ्हास वाढतो, म्हणून सोय असेल तर चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवावी. टचपॅड वर उचलला गेला किंवा झाकण नीट बसेनासं झालं, तर बॅटरी फुगली असं समजावं. आत वायू साठलेला असतो. ती दाबू नये, टोचू नये, वापरणं तत्काळ थांबवावं आणि ती काढायला लॅपटॉप जाणकाराकडे द्यावा.

कधी तारीख वारंवार मागे जाते आणि बँकेची साइट ‘असुरक्षित’ म्हणून उघडतच नाही. दोष बहुधा आतलं घड्याळ चालवणाऱ्या तीन व्होल्टच्या बटण सेलचा असतो. घड्याळ चुकलं की साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही. सेल बदलला की प्रश्न मिटतो.

उघडण्यापूर्वी

चार्जर काढावा, लॅपटॉप पूर्ण बंद करावा आणि झाकण उघडताच सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवावा, कारण लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर मदरबोर्डला इजा होते. स्थिर विजेचा झटका आपल्याला सुमारे 3000 व्होल्टला जाणवतो, काही चिप्सना शंभर व्होल्टही पुरतात. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, काम करताना अधूनमधून अर्थिंग असलेल्या धातूला हात लावावा. मदरबोर्डचं चिप लेव्हल काम मात्र कारागिराचंच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ते वर्षानुवर्षं होत आलं आहे.

विंडोज 10चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि असंख्य धडधाकट लॅपटॉप विंडोज 11च्या अटींत बसत नाहीत. त्यांच्यासाठी लिनक्स मिंटसारख्या मोफत प्रणाली आहेत. सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली मराठीतही चालते.

जगात 2022 मध्ये 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा तयार झाला, आणि त्यातला जेमतेम 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो वापरण्यात नाही, बनवण्यातच असतो. म्हणून वापरात राहिलेलं प्रत्येक जादा वर्ष मोलाचं आहे. कपाटातला जुना लॅपटॉप या सुट्टीत बाहेर काढा, एसएसडी घाला, धूळ काढा. स्वतःला नको असेल तर आधीची माहिती कायमची पुसून एखाद्या शिकणाऱ्या मुलाला द्या. आणि खराब बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा केंद्रातच जमा करा.