खडीच्या गाडीपुढचं इंजिन

वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेवर बहुतेकांचे डोळे वाफेच्या इंजिनांकडे लागलेले असतात. पण खडी, स्लीपर नि रूळ भरून निघालेली कामगाडी दिसली, तर तिच्यापुढचं डिझेल इंजिन जरूर निरखून पाहा. इथल्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, जेमतेम 597 मिलिमीटर, आपल्या माथेरानच्या गाडीच्या 610 मिलिमीटरहूनही कमी. एवढ्या चिंचोळ्या रुळांवर आलेल्या इंजिनाच्या अंगावर त्याचं पूर्वायुष्य चक्क वाचता येतं!

‘अपनॉर कॅसल’चंच बघा. हिबर्ड कंपनीनं ते 1954 साली ब्रिटिश नौदलासाठी बांधलं, केंटमधल्या चॅटेंडन-अपनॉर लाइनसाठी. ती लाइन बंद पडल्यावर ते वेल्शपूल-लॅनफेअर रेल्वेकडे गेलं आणि 1968 साली फेस्टिनिऑगवर आलं. आधीच्या दोन्ही लाइनींचं गेज होतं 762 मिलिमीटर. म्हणजे चाकांमधलं अंतर 165 मिलिमीटरनं घटवणं आलं, प्रत्येक बाजूला सुमारे 82. चाक आसावर प्रचंड दाबानं बसवलेलं असतं. ते आत घेतलं की ब्रेकचे ठोकळेही त्याच्यामागोमाग सरकवावे लागतात. बोटभर लांबीचा हा फरक, पण त्यापायी इंजिनाचा सगळा खालचा भाग नव्यानं जुळवावा लागतो.

‘व्हेल ऑफ फेस्टिनिऑग’ आणि ‘कास्टेल कायर्नार्वॉन’ ही जोडी तर दक्षिण आफ्रिकेची. पोर्ट एलिझाबेथच्या सिमेंट कंपनीसाठी फंकी या कारखान्यानं बांधलेली ही इंजिनं 1990च्या दशकात वेल्सला आली. गेज जवळपास तेच होतं, अडचण होती उंचीची. फेस्टिनिऑगचे बोगदे इतके अंगासरशी आहेत, की आफ्रिकेतली ऐसपैस केबिन त्यांत मावणारच नव्हती. म्हणून पहिल्याला नवी, बुटकी केबिन मिळाली. दुसऱ्यानं मात्र आपली उंच केबिन राखली, कारण शेजारच्या वेल्श हायलँड रेल्वेच्या मार्गावर जागा मोकळी होती. 1937 साली बंद पडलेली ही लाइन पुन्हा रूळ टाकून 2011 साली पूर्ण सुरू झाली. ते रूळ घालणाऱ्या कामगाड्या ओढायला हेच इंजिन राबलं. जन्मानं जुळी, पण दोघांची डोकी बोगद्यांनी ठरवली!

कामगाडीला डिझेलच का, याचं उत्तर सोपं आहे. वाफ धरायला काही तास जातात, डिझेल मात्र थोड्याच वेळात निघतं आणि खडी ओतताना माणसाच्या चालीनंही चालवता येतं. नवं घ्यायचं म्हटलं तर इतक्या अरुंद गेजची इंजिनं बाजारात सहसा तयार मिळत नाहीत. मग जुने सांगाडे टिकवायचे नि बाकीचं बदलत राहायचं.

असं इंजिन दिसलं, की आधी बांधणीचं साल सांगणारी पाटी शोधा, मग केबिनची उंची आणि चाकांची ठेवण पाहा. पाटीवरच्या सालाशी जे जुळत नाही, तिथे कुणा कारागिरानं विचारपूर्वक हात घातलेला असतो. त्या कारागिरीमुळेच ही लाइन दर हिवाळ्यात दुरुस्त होते आणि उन्हाळ्यात वाफेच्या गाड्या तिच्यावरून धावतात.