तार न तोडता: आरएफ करंट मोजण्याची शंभर वर्षे

प्रवाह मोजायचा तर तार तोडायची आणि मधे मीटर बसवायचा, हे शाळेच्या प्रयोगशाळेपासून आपल्या अंगवळणी पडलेले असते. अँटेनाच्या तारेतला आरएफ, म्हणजे रेडिओ वारंवारतेचा, प्रवाह मात्र सेकंदाला लाखो वेळा दिशा पालटतो. तिथे मधे घुसलेला मीटर प्रवाहच बदलून टाकतो आणि हात लावणाऱ्याला भाजतो. गेल्या शतकभरात हे मोजमाप सुधारले ते मीटरला तारेतून बाहेर काढत काढत.

ठिणगीच्या ट्रान्समीटरच्या काळात नेहमीचा मीटर कुचकामी होता. इतक्या वेगाने उलटणाऱ्या प्रवाहामागे काटा धावू शकत नव्हता. उपाय सापडला तो उष्णतेत. प्रवाह कोणत्याही दिशेने गेला तरी बारीक तार तापते, लांबते आणि ते लांबणे काट्याला ओढते. जहाजावरचा वायरलेस ऑपरेटर काटा जास्तीत जास्त सरकेपर्यंत अँटेना जुळवत बसे. पण तापणे प्रवाहाच्या वर्गावर ठरते, त्यामुळे पट्टीच्या सुरुवातीचे आकडे दाटीवाटीने बसत. मोठ्या प्रवाहासाठी अनेक तारा समांतर लावल्या, तर वारंवारतेबरोबर त्यांच्यातली वाटणी बदले आणि वाचन चुके. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये डेलिंजर यांनी 1913 मध्ये या मीटरांचा सविस्तर अभ्यास मांडला. पुढे थर्मोकपलचे मीटर रुळले. ते अचूक होते, पण नाजूकही. प्रवाह थोडा जास्त झाला की आतली तार जळून जाई.

23 जुलै 1927 रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र दीड किलोवॉटच्या ट्रान्समीटरवर सुरू झाले. मध्यम लहरींच्या केंद्रात अँटेनाच्या पायथ्याचा प्रवाह म्हणजे प्रक्षेपणाची नाडीच. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध म्हणजे शक्ती. रोध 50 ओहम धरला, तर दीड किलोवॉटला साडेपाच अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. नागपूरच्या हजार किलोवॉटच्या केंद्रासाठी तेच गणित केले तर 141 अँपिअर येतात. असा मनोरा बहुधा इन्सुलेटरवर उभा असतो आणि अख्खा मनोराच अँटेना असतो. त्याच्या पायथ्याशी बसवलेला मीटरही मग मनोऱ्याच्याच विद्युतदाबावर असतो. म्हणून भोवती कुंपण आले. वाचनापुरताच मीटर जोडायचा, एरवी त्याला बगल देणारा स्विच लावायचा, म्हणजे वीज कोसळली तरी तो वाचेल, अशी पद्धत पडली.

खरी सुटका केली ती ट्रान्सफॉर्मरने. 1940च्या दशकात फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नोएक यांनी फेराइट हे चुंबकीय सिरॅमिक विकसित केले. मनगटात कडे घालावे तशी फेराइटची रिंग तारेभोवती बसवली, की तार हाच एक वेढा होतो. रिंगवर 20 वेढे घेतले, तर तारेतल्या एका अँपिअरमागे 50 मिलिअँपिअर मिळतात. ते 50 ओहमच्या रोधातून नेले, की मोजायला अडीच व्होल्ट हाताशी येतात. मूळ तारेत भर पडते ती जेमतेम अष्टमांश ओहमची. रिंगचे दोन तुकडे करून चिमट्यासारखी केली, की तार सोडवायचीही गरज नाही.

या चिमट्याने न दिसणारे प्रवाहही दाखवले. 1929 मध्ये एस्पेनशीड आणि अ‍ॅफेल यांनी कोअ‍ॅक्स केबलच्या पेटंटसाठी अर्ज केला. अशा केबलमध्ये मधल्या तारेभोवती धातूची जाळी असते; आतल्या तारेतला आणि जाळीच्या आतल्या पृष्ठावरचा प्रवाह समान व विरुद्ध असतो. म्हणजे सबंध केबलभोवती चिमटा लावला तर वाचन शून्य यायला हवे. प्रत्यक्षात अनेकदा येत नाही. जाळीच्या बाहेरच्या पृष्ठावरून तिसराच प्रवाह घराकडे परतत असतो. हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मंडळींच्या ओठाला माइकचा चटका बसतो तो यामुळेच. वॉल्टर मॅक्सवेल यांनी 1983 मध्ये केबलवर फेराइटचे मणी ओवून हा प्रवाह अडवण्याचा उपाय मांडला. मणी घालण्याआधी आणि नंतर चिमट्याने मोजले, की उपाय लागू पडला का ते लगेच कळते.

शरीरातून जाणारा प्रवाह मोजण्यासाठी आता रिंग माणसाच्या घोट्याभोवतीही येते. अतिउच्च वारंवारतेचा प्रवाह शरीरातून जाऊ शकतो आणि झटका बसत नाही, हे फ्रान्सच्या दार्सोंव्हाल यांनी 1890च्या दशकात दाखवले होते. धोका तिथेच आहे: हात झटकन मागे घ्यायला लावणारा इशारा मिळत नाही, आणि भाजते मात्र खोलवर. अशा प्रारणांपासून संरक्षणासाठीच्या आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या 1998च्या मार्गदर्शक तत्त्वांनी 10 ते 110 मेगाहर्ट्झमध्ये हातापायांतल्या प्रवाहाची मर्यादा कामगारांसाठी 100 आणि सर्वसामान्यांसाठी 45 मिलिअँपिअर घातली.

चिमटा सुरक्षित असला तरी शिस्त सुटत नाही. ट्रान्समीटर बंद असतानाच तो लावायचा, हात काढायचा, मग कमी शक्तीपासून सुरुवात करायची. आणि डायपोल अँटेनाच्या टोकाशी काटा शून्याजवळ दिसला म्हणून तिथे बोट लावायचे नाही: प्रवाह जिथे सर्वांत कमी, तिथेच व्होल्टेज सर्वांत जास्त असते, आणि व्होल्टेज हा चिमटा मोजत नाही.