आधी पट्टी, मग आकडेमोड

‘रमाकडे १२ चिंचोके आहेत. ते सलमाच्या चिंचोक्यांपेक्षा ५ने जास्त आहेत. तर सलमाकडे किती?’ असं शाब्दिक उदाहरण घातलं की तिसरी-चौथीतली बरीच मुलं चटकन १७ लिहितात. ‘जास्त’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ही सवय आपण मोठ्यांनीच लावलेली असते. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या संशोधकांनी मुलांना विचारलं होतं, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेकांनी हिशेब करून वय सांगितलंसुद्धा!

सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत १९८०च्या दशकापासून यावर पट्ट्यांची आकृती शिकवतात. रमाची एक पट्टी काढायची, तिच्याखाली सलमाची. इथेच घाई करू नये. ‘कोणाची पट्टी लांब?’ एवढंच विचारावं आणि थांबावं. मूल वाक्य पुन्हा वाचतं, खोडतं, सलमाची पट्टी आखूड करतं. उरलेल्या तुकड्यावर ५ लिहिलं की वजाबाकी समोर दिसते आणि ७ येतात.

आता प्रश्न बदला. दोघींचे मिळून १९, रमाचे ५ जास्त. जास्तीचा तुकडा बाजूला काढला की दोन सारख्या पट्ट्यांत १४ उरतात, म्हणजे एकीत ७. ‘क्ष’ न मानता नऊ वर्षांचं मूल बीजगणितातला विचार करतं. हे पाहताना मला दरवेळी आनंद होतो.

घरी करायचं असेल, तर आधी आकडे झाकून गोष्ट मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगू द्या.