वेगळ्या स्वभावाची माणसे, एकच काम

शाळेतील विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीची बैठक आठवून पाहा. दोघे-तिघे भराभर बोलत असतात. एक सर प्रत्येक सूचनेतली अडचण दाखवतात. दुसरे 'तुम्ही ठरवा, मी करतो' म्हणून मोकळे होतात. कोपऱ्यातल्या बाई वहीत काहीतरी टिपत गप्प बसतात. प्रदर्शनाच्या दिवशी कळते, की जिथे विजेवर चालणारी सहा उपकरणे मांडली त्या खोलीत प्लग एकच आहे. बाईंना हे ठाऊक होते. का सांगितले नाही, तर म्हणाल्या, "मला कोणी विचारलेच नाही."

अशा वेळी आपण स्वभावाला दोष देऊन मोकळे होतो. बाई अबोल, ते सर भांडकुदळ, आणि स्वभावाला औषध नाही! पण इथे चूक स्वभावाची, की बैठकीच्या रीतीची? या प्रश्नाचे उत्तर प्रयोग करून शोधता येते.

आधी स्वभावाविषयी थोडे. कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द रूढ केले. त्यामुळे माणसांचे दोन कप्पे असतात असा समज पसरला. मोजमाप करू लागल्यावर चित्र वेगळे दिसले. बहिर्मुखता हा गुण उंचीसारखा असतो. वर्गात अगदी उंच आणि अगदी बुटकी मुले थोडी, मधली बरीच; तसेच इथेही. आज मानसशास्त्रज्ञ साधारणपणे पाच गुण मोजतात: बहिर्मुखता, कामातील काटेकोरपणा, इतरांशी जुळवून घेणे, नव्याची ओढ आणि मनाची चलबिचल. प्रत्येक माणसात हे पाचही गुण कमी-अधिक प्रमाणात असतात.

म्हणूनच 'तुमचा स्वभाव कोणत्या प्रकारचा' हे सांगणाऱ्या चाचण्यांकडे जरा सावधपणे पाहावे. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन लिहून दिले. वर्णन किती जुळते याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. गंमत अशी, की सर्वांना दिलेले वर्णन एकच होते आणि त्यातली बरीच वाक्ये भविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. हा प्रयोग अकरावी-बारावीच्या वर्गात सहज करता येतो.

आता बैठकीच्या रीतीकडे वळू. चारजण एकत्र बसून बोलले की कल्पना जास्त सुचतात, असे आपण धरून चालतो. येल विद्यापीठात १९५८ मध्ये टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी ते तपासले. ९६ विद्यार्थी घेतले. ४८ जणांचे चौघा-चौघांचे गट केले. उरलेल्या ४८ जणांना एकेकटे बसवले आणि नंतर त्यांच्यातील चौघा-चौघांच्या उत्तरांची बेरीज केली. एकच कल्पना दोघांनी लिहिली असेल तर ती एकदाच मोजली. तरीही एकेकटे बसलेल्यांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट भरल्या.

असे का व्हावे? मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये याचे मुख्य कारण दाखवले. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता सुचलेले विसरतात किंवा पुढचे सुचणे बंद होते. त्यांनी माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले, पण दुसरा बोलत असताना दिवा लावून थांबायला लावले. तेवढ्यानेही कल्पना घटल्या. या थांबण्याचा फटका भीडस्त माणसाला अधिक बसतो, हे आपल्या अनुभवाचे आहे. म्हणजे बाईंचे गप्प राहणे पुष्कळसे बैठकीच्या रीतीतून आले होते.

ही रीत बदलली तर काय होते, याचे एक उदाहरण जालना जिल्ह्यात आहे. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव आज द्राक्षबागा आणि शेततळ्यांसाठी ओळखले जाते. तिथे १९९६ ते २००२ या काळात, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने, इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचे काम झाले. पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग व्हावे लागते. मधल्या एका शेतकऱ्याने बांध घालू दिला नाही, तर वरून आलेले पाणी तिथूनच फुटते आणि खालच्यांची मेहनत वाहून जाते. ग्रामसभेत गप्प बसून मनातून नाराज असलेला माणूस इथे परवडत नाही.

या कार्यक्रमात त्यासाठी 'नेट प्लॅनिंग' नावाची पद्धत होती. गावाचा आराखडा फक्त सभेत बसून ठरवायचा नाही. एकेका गट नंबरच्या शेतात जायचे, सोबत त्या शेताचे मालक पती-पत्नी असतील. मातीची खोली किती, उतार किती, धूप कुठे होते, सध्या पीक कोणते आणि पुढे काय करायचे हे बांधावर उभे राहून ठरवायचे, लिहायचे आणि त्यांची संमती घ्यायची. चारचौघांत तोंड न उघडणारा शेतकरी स्वतःच्या शेतात मात्र नेमके बोलतो. सभेत पदर सावरून मागे बसणारी त्याची कारभारीण खुरपताना पाणी कुठे साचते ते बोट दाखवून सांगते. कोणाचाही स्वभाव बदलावा लागत नाही. विचारण्याची जागा आणि रीत तेवढी बदलते.

आम्ही प्रयोगशाळेतले लोकही हा धडा उशिरा शिकलो. आमच्या गटात दर आठवड्याला बैठक होई आणि आम्ही तीन-चार बोलके लोकच ती गाजवत असू. एका उपकरणाची मापे हळूहळू सरकत असल्याचे आमच्या सर्वांत अबोल सहकाऱ्याने नोंदवहीत लिहून ठेवले होते. आमच्यापैकी कोणी ती वही पाहिली नाही. तीन आठवड्यांची मापे टाकून द्यावी लागली. त्यानंतर बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकाची वही वाचायची, असा नियम आम्ही केला.

अनिता वुली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ६९९ जणांना लहान गटांत कामे देऊन पाहिली. गटात सर्वांत हुशार कोण यापेक्षा, बोलण्याची संधी सर्वांना सारखी मिळते का आणि दुसऱ्याच्या मनातले ओळखता येते का, याचा गटाच्या यशाशी जास्त संबंध दिसला. या निष्कर्षावर पुढे वाद झाले. तरी शाळेत करून पाहण्याजोगे त्यात पुष्कळ आहे.

पुढच्या बैठकीत एवढेच करा. विषय आदल्या दिवशी कळवा, म्हणजे सावकाश विचार करणाऱ्यांना वेळ मिळेल. बैठकीची पहिली पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही. प्रत्येकाने कागदावर लिहायचे. मग क्रमाने एकेकाने एक मुद्दा वाचायचा, आणि मुख्याध्यापकांनी शेवटी बोलायचे. अडचणी काढणाऱ्या सरांना 'काय बिघडू शकेल' याची यादी करण्याचे काम द्या. त्यांच्या खोडीचा उपयोग होईल. 'तुम्ही ठरवा' म्हणणाऱ्यांना नेमके काम आणि तारीख द्या. ज्यांना बैठकीत बोलणे जमत नाही, त्यांना काम जिथे होणार त्या खोलीत जाऊन विचारा.

याच बैठकीची नोंद ठेवून प्रयोगही करता येईल. आधीच्या दोन बैठकांत कोण किती वेळा बोलले याच्या खुणा करा, नंतरच्या दोन बैठकांतही करा, आणि प्रत्येक वेळी वेगवेगळ्या किती सूचना आल्या ते मोजा. वर्गातील गटकार्यातही मुलांना हे मोजायला सांगा. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहिले, की 'अबोल' म्हणून आपण कोणाकोणाला बाजूला बसवले होते ते आपल्यालाच दिसेल.