बेसच्या पाठीवरची डबी

ॲक्टिव्ह बेस गिटारचा आवाज भर कार्यक्रमात गेला की पहिला संशय केबलवर जातो, दुसरा ॲम्प्लिफायरवर आणि तिसरा साउंडवाल्यावर. तिघंही निर्दोष ठरले की मग कुणाला तरी गिटारच्या पाठीवरची काळी प्लास्टिकची डबी आठवते. तिच्यात नऊ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी: 48 मिलिमीटर उंच, 26 रुंद, 17 जाड. सगळं वाद्य तिच्या भरवशावर. डबी मात्र असते वाद्यातल्या सगळ्यात स्वस्त सामानापैकी.

विजेवरच्या सगळ्याच तंतुवाद्यांना अशी बॅटरी लागत नाही. खान्देशात वरातीपुढे बेंजोचा बँड वाजतो. गाडीवर स्पीकर, सोबत कीबोर्ड, पॅड आणि कानठळ्या बसवणारा इलेक्ट्रिक बेंजो. या बेंजोच्या तारांखाली साधा चुंबकी पिकअप असला की काम भागतं. त्याला बॅटरी लागत नाही. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे, त्यावर पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज उमटते, संपलं. अमेरिकी गिटार-निर्माता लिओ फेंडरने 1951 साली आणलेला प्रिसिजन बेसही असाच. अशा बेसला पॅसिव्ह म्हणतात. त्याचा टोनचा नॉब वरचे सूर कापू शकतो, वाढवू शकत नाही. आणि मोकळ्या मैदानातल्या स्टेजवर केबल लांबलचक झाली, की आवाजाची धार जाते.

यावर 1970 च्या दशकात तोड निघाली. कॅलिफोर्नियातल्या अलेम्बिक कंपनीने बेसच्या पोटातच छोटा प्रीॲम्प, म्हणजे आवाजाचा सिग्नल वाढवणारं सर्किट, बसवला. पण ती वाद्यं महाग, मोजक्यांच्या हातातली. 1976 साली म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे आला. त्याच्यामागेही लिओ फेंडरच होता. तेव्हापासून बॅटरीवरचा, म्हणजे ॲक्टिव्ह, बेस कारखान्यातून घाऊक निघू लागला. नऊ व्होल्टची बॅटरी ट्रान्झिस्टर रेडिओसाठी 1956 पासून बाजारात होतीच. गिटारवाल्यांनी ती उचलली खरी, पण ती ठेवायची कुठे, याचा विचार सगळ्यात शेवटी केला. आजही तसंच चाललंय, असं कितीतरी बेस उलटे करून पाहिले की वाटतं.

ॲक्टिव्ह बेसला बहुधा चालू-बंद करायची कळ नसते. पिन खुपसली की तो चालू होतो. जॅक आतून स्टिरिओ असतो आणि बॅटरीची काळी वायर त्याच्या मधल्या पत्तीला जोडलेली असते. साधी मोनो पिन आत गेली की तिचा लांब दांडा मधली पत्ती आणि अर्थ एकत्र जोडतो आणि सर्किट पुरं होतं. युक्ती झकास आहे. पण घाईत साउंडवाल्याने स्टिरिओ पिनची केबल दिली, तर मधली पत्ती एकटी पडते आणि बेस मुका राहतो. मग ‘काय भो, आवाज का येत नाही?’ सुरू होतं. नवीकोरी बॅटरीही उगाच फेकली जाते.

दुसरा तोटा असा, की पिन तशीच खुपसून बेस स्टँडवर ठेवला, तर तो रात्रंदिवस बॅटरी पीत राहतो. भूक तशी थोडी. साधारण प्रीॲम्प एक मिलिअँपिअरच्या आसपास घेतो आणि चांगल्या अल्कलाइन बॅटरीत पाचशे मिलिअँपिअर-तास असतात. म्हणजे सलग वीस दिवस. पिन काढायची सवय असलेल्या वादकाला तीच बॅटरी कित्येक महिने पुरते.

खरी गोम इथे आहे. ऑर्केस्ट्रातला नऊ व्होल्टवर चालणारा कॉर्डलेस माइक बॅटरी काही तासांत संपवतो, म्हणून त्याचं झाकण प्रत्येक कार्यक्रमाला उघडतं, पत्त्या डोळ्यांखालून जातात, ढिल्या झाल्या की लगेच कळतं. बेस काटकसरी, म्हणून त्याची डबी कुणी उघडत नाही. आतली बॅटरी कधी घातली होती, हे वादकालाही सांगता येत नाही. एक हळद, दुसरी हळद, मग गणपती, मग नवरात्र. तोवर बॅटरी आतल्या आत गळलेली असते.

वर आपलं हवामान. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 च्या पुढे जातो, आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच. दुपारी बंद टेम्पोत केसमध्ये पडलेल्या बेसला किती ताप लागत असेल, त्याचा अंदाज करा. उष्णतेने बॅटरी लवकर उतरते, गळण्याची शक्यता वाढते आणि डबीच्या झाकणाची प्लास्टिकची खिटी ठिसूळ होते. रस्त्याचे धक्के आणि स्टेजवरच्या सबवूफरची थरथर आहेच. डबीतली बॅटरी दोन पत्त्यांच्या ताणावर उभी असते. तो ताण मेला की ठोक्यागणिक आवाज तुटतो.

अशी एक डबी उघडली की काय दिसतं? खिटीचं टोक मोडलेलं, त्यावर चिकटपट्टी. आत एका पत्तीवर पांढरट-हिरवट थर. दोन पत्त्यांपैकी एक आत दबलेली, कारण कुणीतरी बॅटरी उलटी कोंबलेली. बॅटरीचं लहान गोल टोक धन आणि मोठं पाकळ्यांचं ऋण, पण स्टेजवरच्या अंधारात हे कोण बघतं? आणि डबीच्या मागे लाल वायर जेमतेम दोन धाग्यांवर लोंबकळतेय.

दुरुस्ती अवघड नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडला मोबाइल, माइक, ॲम्प्लिफायर उघडून बसणाऱ्या कारागिराला हे डाव्या हाताचं काम आहे, फक्त ‘गिटार’ म्हटल्यावर त्याने बिचकू नये. अल्कलाइन बॅटरीचा पांढरा थर अल्कधर्मी असतो, म्हणून इअरबडवर व्हिनेगरचा किंवा लिंबाचा थेंब घेऊन पुसायचा. थेंब आत ओघळता कामा नये. मग ओलं कापड, मग कोरडं. पत्ती चिमट्याने हलकेच बाहेर ओढायची. वायर कापून, सोलून, नवा डाग द्यायचा. डबीच फुटली असेल तर नवी घेण्याआधी माप घ्या. स्क्रूची भोकं आणि खाच प्रत्येक कंपनीची निराळी, आणि त्यापायी लाकूड कोरायची पाळी येते.

मला विचाराल तर डबी काढून टाकावी आणि रेडिओला असायची तशी वायरची क्लिप लावावी. बॅटरी स्पंजात गुंडाळून नॉबांच्या खोबणीत ठेवली आणि तिचा पत्रा कशाला टेकत नसला, की धक्क्याची भीती उरत नाही. बदलताना चार स्क्रू काढावे लागतात, हा त्रास मान्य. लाकडातलं भोक सैल झालं तर सुतार करतो तेच करायचं: फेव्हिकॉलमध्ये बुडवलेली आगकाडी आत ठोकायची, वाळली की स्क्रू पुन्हा घट्ट बसतो.

रिचार्जेबलचा मोह मात्र जपून. त्यांतल्या पुष्कळ प्रत्यक्षात 8.4 व्होल्टच्या असतात, काही मापाने जरा फुगीर, डबीत अडकून बसतात. काही लिथियमच्या बॅटऱ्यांत व्होल्टेज चढवणारं सर्किट असतं, त्याची बारीक शिट्टी स्पीकरमधून ऐकू येऊ शकते. अठरा व्होल्टच्या बेसमध्ये दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. जोरात वाजवलं तरी आवाज फाटत नाही, हा फायदा. पण दोन डब्या म्हणजे दोन दुखणी, आणि एक हलली तरी दोन्ही गेल्या.

बेस घ्यायला जाल तेव्हा वाजवून तर बघालच. त्याआधी तो उलटा करा आणि डबी दहा वेळा उघडून लावा. बॅटरी संपल्यावर पॅसिव्हवर जायची कळ आहे का, ते विचारा. ती नसेल तर कमी किमतीचा साधा पॅसिव्ह बेस स्टेजवर जास्त भरवशाचा. आणि घरी आधीच एखादा ॲक्टिव्ह बेस असेल, तर आज डबी उघडून बॅटरी मल्टिमीटरवर धरा. नवी साडेनऊच्या आसपास दाखवते. साडेसातच्या खाली असेल तर बदला, आणि लग्नसराई संपली की काढून ठेवा.